उशीरचा रकाना

वहीचं पहिलं पान उंदरांनी खाल्लं,
म्हणून आमची शर्यत सुरू होते दुसऱ्या वर्षापासून.

साल चोपन्न. फकिरा हेडाऊ, गोळीबार चौक, विणकर.
तीन तास बावीस मिनिटं.
बक्षीस : टायरची जोडी.
शेरा : धोतर चेनमध्ये गेलं होतं, तरीही.

अक्षर बाबांचं. ते मिलमध्ये टाइमकीपर,
हजेरीची उरलेली पानं शिवून ही वही केलेली,
त्यामुळे रकाने छापील :
पाळी, खातं, उशीर, कपात.
सायकलवाल्यांना त्यांनी 'उशीर'मध्ये बसवलं.

डिसेंबरचा शेवटचा रविवार.
सहाचा भोंगा झाला की फाटकातून सुटायचे,
कामठी, कन्हानचा पूल, मनसर.
मनसरला रस्त्याच्या मधोमध
चुना फासलेला डांबराचा ड्रम.
त्याला वळसा, आणि परत.
ड्रमपाशी दिनाजी मास्तर मनगटावर
जांभळा शिक्का मारायचे ग्रामपंचायतीचा :
'आवक'.
दुसरा शिक्का नव्हता.

एकसष्टला कामठीचा दूधवाला जिंकला.
लोक सांगतात दोन कॅन होते, भरलेले.
वही सांगते : एक. रिकामा.

अठ्ठ्याहत्तर.
क्रमांक एकतीस, सेवकदास बारापात्रे.
मनसर : आठ वाजून चार मिनिटं.
नागपूर :

नागपूरपुढे काही नाही.
शेवटचा आल्याशिवाय वही मिटायची नाही, हा बाबांचा नेम.
मी नऊ वर्षांची, मांडीवर डबा घेऊन त्यांच्या बाजूला.
दिवे लागले. आई न्यायला आली,
"पोरीले ताप येईन, चला आता."
बाबांनी टोपणात पेन घातलं, पुन्हा काढलं.

सायकल इनायतभाईंची, तासाला पंचवीस पैसे.
पुढची अकरा वर्षं ते दर शर्यतीला यायचे,
कागदावर भाडं मांडून.
"टाइमकीपरसाब, आता ते दुकानाच्या वर गेलं."
बाराव्या वर्षी त्यांचा मुलगा आला. कागद नव्हता.

ब्याण्णवला मिल बंद.
फाटकाशी सात पोट्टे, सहा वाजले, कोणी हलेना.
सव्वासहाला बाबांनी दोन्ही हात तोंडाशी नेले
आणि भोंग्यासारखे ओरडले.
लय हसले सगळे.
ते थांबलेच नाहीत, तेव्हा
हसणं बंद झालं, आणि सायकली निघाल्या.

कार्ड आलं चौऱ्याण्णवला, शिवनीहून.
"शिक्का घेतला होता. वळायचं तेही ठाऊक होतं.
पण पुढे रस्ता सरळ होता अन् पायात दम होता.
सायकल ठीक आहे.
इनायतभाईले सांगा, घंटी तेवढी बदलवली."
बाबा खाटेवर. दोनदा वाचून घेतलं.
"म्हणजे अजून चालवूनच राहिला बे!"
कार्डावर तारीख होती, वेळ नव्हती.
तेवढंच त्यांना खटकलं.

सत्त्याण्णव. दमयंती गजभिये, इंदोरा, नर्स.
पाचवी आली.
पाळी : रात्र.
त्या छापील रकान्यात खरी नोंद झाली ती ही एकच,
आणि अक्षर माझं.

आता चौपदरी रस्ता, मनसरला पुलाखालून वळण,
ड्रम कोणी नेला माहीत नाही.
सायकल दोन बोटांवर उचलतात पोरं,
पायाला चिप, वेळ आपोआप पडते.
"काकू, वही काहून?"
मी म्हणते, बसायला निमित्त.

दहाला पोलीस रस्ता मोकळा करतात.
मांडववाल्याला माझ्याखालची खुर्ची हवी असते.
एक यायचा आहे, मी सांगते.
"नंबर?"
एकतीस.
तो मोबाईलवर बोट फिरवतो, खूश होतो :
"एकतीस तर केव्हाचा आला, काकू. सातवा.
तो पाहा, तर्री-पोहे खाऊन राहिला."

कोवळा मुलगा आहे. नाकाला रस्सा लागलाय.
मी खुर्ची देऊन टाकते,
आणि थोडा वेळ उभीच राहते,
कामठीकडे तोंड करून.